आयर्लंडच्या शाळकरी मुलांची वही



सुखी कसे व्हावे, या विषयावर हल्ली फार बोलले जाते. टेलिव्हिजनवर बोलतात, सभेत बोलतात, दुकानांत त्यावर रंगीत पुस्तके मिळतात. रोज सकाळी फोनवर सुविचार येतो. वर उगवत्या सूर्याचे चित्र आणि खाली दोन ओळी. आपण तो वाचतो, दहा जणांना पाठवतो आणि कामाला लागतो. पण शेजारच्या घरात एकटीच राहणारी आजी आज कोणाशी चार शब्द बोलली की नाही, हे त्या सुविचारातून आपल्याला कळत नाही.

मी शिक्षक आहे. मला गृहपाठ या गोष्टीवर विश्वास आहे, सुविचारावर तितका नाही. म्हणून आज एका गृहपाठाची हकीकत सांगतो. तो आपल्यासारख्याच एका बेटावर, आयर्लंडमध्ये, १९३७ साली हजारो मुलांना दिला गेला होता.

आयर्लंड आपल्याला अगदीच परके नाही. पोर्ट लुईमध्ये ज्यांच्या नावाचा रस्ता आहे, ते गव्हर्नर सर जॉन पोप हेनेसी मूळचे आयर्लंडच्या कॉर्क शहरचे होते. १८८३ ते १८८९ या काळात ते येथे गव्हर्नर होते. लोरेटोच्या शाळांत आपल्या कितीतरी मुली शिकल्या. त्या शाळा सुरू करणाऱ्या सिस्टर १८४५ साली आयर्लंडहूनच आल्या होत्या. आणि मराठी माणसाला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर. त्यांचे वडील सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातील वराड गावचे डॉक्टर. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे त्याच कोकणच्या मातीतले. वराडकर २०१९च्या शेवटी आपल्या आजोबांचे ते गाव पाहून आले, तेव्हा सारा गाव गोळा झाला होता. असो.

आता गृहपाठाकडे वळू. पण त्याआधी त्या देशावर काय प्रसंग आला होता, ते थोडे सांगावे लागेल. १८४५ साली आयर्लंडच्या बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण बटाट्यावर चालत होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि जवळजवळ तितकीच बोटीत बसून देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर ८० लाखांहून अधिक लोक होते. आज एवढ्या वर्षांनंतरही तो आकडा पुन्हा गाठलेला नाही. जे मेले आणि जे गेले, त्यांत आयरिश भाषा बोलणारे गरीब शेतकरी फार होते. मागे राहिलेल्यांनीही मुलांना इंग्रजी शिकवली, कारण इंग्रजीत पोट होते. आईबाप आपसांत आयरिश बोलत आणि मुलांशी इंग्रजी. हे वाचताना आपल्या घरातली मराठी आणि क्रेओल आठवल्यावाचून राहत नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर काही जाणत्या लोकांच्या मनात आले, की आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात जे आहे, ते त्यांच्याबरोबर जाणार. १९३५ साली सरकारने लोककथा आयोग नेमला. शेमस डेलार्गी हे त्याचे प्रमुख. पण आयोगाकडे फिरून कथा गोळा करणारी माणसे थोडी आणि खेडी हजारो. तेव्हा युक्ती निघाली ती अशी, की प्रत्येक खेड्यात शाळा आहे, शाळेत मुले आहेत आणि प्रत्येक मुलाच्या घरी नाहीतर शेजारी एक म्हातारा माणूस आहे. शिक्षण खाते तयार झाले, शिक्षकांची संघटनाही तयार झाली. शॉन ओ सूलवॉन या गृहस्थांनी शिक्षकांसाठी एक लहानशी पुस्तिका लिहिली. तिच्यात विषय दिले होते आणि प्रत्येक विषयाखाली प्रश्न.

पाचवी-सहावीच्या, म्हणजे अकरा ते चौदा वर्षांच्या, मुलांना सांगण्यात आले की आता आठवड्याचा नेहमीचा निबंध लिहू नका. त्याऐवजी घरी जा, आजा-आजीला, आईबापाला, शेजाऱ्याला विचारा आणि ते जे सांगतील ते वहीत लिहून आणा. मोठ्या शहरांतल्या शाळांना यातून सूट होती, पण २६ काउंटींमधल्या सुमारे ५,००० शाळा यात उतरल्या. सुमारे ५०,००० मुले दीड-दोन वर्षे विचारत आणि लिहीत होती. शिक्षक त्यातले चांगले निवडून एका मोठ्या वहीत उतरवून घेत. त्या मोठ्या वह्या आणि मुलांच्या स्वतःच्या वह्या मिळून सुमारे ७,४०,००० पाने आज डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. लोककथा आयोगाच्या सर्व संग्रहाला २०१७ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले.

विषय काय होते? फार मोठे नव्हते. गावचा लोहार. भाकरी कशी भाजत. लोणी कसे काढत. घरी बनवलेली खेळणी. कुठल्या रोगाला कोणता झाडपाला. पाऊस येणार हे कशावरून ओळखावे. पुरलेल्या धनाच्या गोष्टी. लग्नाच्या चालीरीती. दुष्काळात आपल्या गावात काय घडले. गावात आलेले मोठे वादळ. राजा, लढाई, तत्त्वज्ञान यांतले काही विचारलेले नव्हते. आणि प्रत्येक पानावर मुलाच्या नावाबरोबर सांगणाऱ्याचे नाव लिहायचे होते, जमेल तिथे त्याचे वय आणि राहण्याचे ठिकाणही.

मला या साऱ्यात ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या शेतमजूर म्हाताऱ्याचे नाव जन्मात कुठल्या पुस्तकात आले नसते, त्याचे नाव सरकारी वहीत आले. ज्याला कोणी काही विचारत नव्हते, त्याच्याकडे पोरगा पेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, आजोबा, मास्तरांनी विचारले आहे. त्या म्हाताऱ्याला काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. आणि पोराला? त्याला त्या दिवशी कळले, की चुलीजवळ खोकत बसलेला हा माणूस एकेकाळी तरुण होता आणि मुलगा असताना झाडाची फांदी तासून भोवरा करत होता.

लोण्याविषयी पुष्कळ मुलांनी एक चाल लिहून आणली. घरात ताक घुसळणे चालू असताना जो कोणी दारातून आत येईल, मग तो शेजारी असो की वाटसरू, त्याने रवीला थोडा हात लावलाच पाहिजे. नाही लावला तर त्या घरच्या लोण्याची बरकत जाते, अशी समजूत. हिला भाबडी समजूत म्हणून हसता येईल. पण या समजुतीमुळे काय होत होते ते पाहावे. कोणीही नुसता उंबऱ्यावर उभा राहून निघून जाऊ शकत नव्हता. दोन मिनिटे का होईना, तो त्या घरच्या कामात शिरत होता.

अशीच दुसरी रीत म्हणजे 'मेहल'. हा आयरिश शब्द आहे. गवत कापणे, मळणी, जळणासाठी पीट नावाची माती खणून आणणे, अशा मोठ्या कामाच्या दिवशी शेजारी एकमेकांच्या शेतावर जमत. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैसे नाहीत, जेवण मात्र भरपूर. महाराष्ट्रात याला सावड म्हणतात, काही भागात इर्जिक म्हणतात. आणि आपल्या क्रेओलमध्ये 'कुदमे' म्हणतात, ते यापासून फार दूर नाही. आयर्लंडमध्ये हा जुना शब्द अजून कामात आहे. मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी काम करणारे तेथील सरकारी खाते अडचणीतल्या मुलाभोवती आईबाप, शिक्षक आणि इतरांना एकत्र बसवते, त्या पद्धतीचे नावच 'मेहल' आहे. आणि त्या १९३७च्या वह्यांची चित्रे जेव्हा इंटरनेटवर चढली, तेव्हा मुलांचे हस्ताक्षर वाचून छापील अक्षरात उतरवण्याचे काम सामान्य लोकांनी घरबसल्या, बिनपैशाने केले. त्या कामालाही 'मेहल' हेच नाव दिले गेले.

आयरिश लोकांची एक म्हण आहे, की माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात. त्यांच्या भाषेत सावलीला जो शब्द आहे, त्याचाच अर्थ आसरा असाही होतो. आपण मराठीतही थोरामोठ्यांच्या सावलीत वाढलो असे म्हणतो, तसेच.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण मी शिक्षक आहे आणि आमच्या जातीचा दोष मला माहीत आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला ब्लास्केट नावाची लहान बेटे आहेत. तेथे पेग सेयर्स नावाची बाई राहत होती. तिला शेकडो कथा तोंडपाठ होत्या आणि आयोगाच्या माणसाने त्या बसून लिहून घेतल्या. रात्री तिच्या घरी माणसे गोष्टी ऐकायला येत. पुढे मोठ्या ब्लास्केट बेटावरची वस्ती कमी कमी होत गेली आणि १९५३ साली उरलेल्या माणसांना सरकारने मुख्य भूमीवर आणले. आज ते बेट ओसाड आहे. पेगने सांगितलेले तिचे आत्मचरित्र मात्र शाळेच्या अभ्यासक्रमात लागले, आणि मग कितीतरी वर्षे आयर्लंडची मुले त्या पुस्तकाच्या नावाने कपाळाला हात लावत राहिली! चुलीजवळ जी बाई ऐकायला लोक अंधारातून चालत येत, तीच परीक्षेचा प्रश्न झाल्यावर नकोशी झाली. वहीचा गृहपाठ मुलांना रुचला असेल तर त्याचे एक कारण हेही असावे, की त्याचे बरोबर उत्तर मास्तरांपाशी नव्हते. ते आजीपाशी होते.

मग आयर्लंडमध्ये सारे सुखी आहेत काय? नाही, आणि हे लपवणे बरोबर होणार नाही. २०२२ साली युरोपीय संघाने सर्व सभासद देशांत एकटेपणाविषयी पाहणी केली. गेल्या चार आठवड्यांत बहुतेक वेळ किंवा सर्व वेळ एकटे वाटले, असे सांगणारे युरोपात सरासरी १३ टक्के निघाले आणि आयर्लंडमध्ये २० टक्क्यांच्या वर. सर्व देशांत तो आकडा सर्वांत मोठा होता. गप्पा आणि पाहुणचार यांसाठी जगात नावाजलेला देश, आणि तेथे पाचातला एक माणूस एकटा! चांगली परंपरा असणे आणि ती रोज पाळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही काळजी तेथे आजची नाही. डब्लिनच्या अग्निशामक दलात विली बर्मिंगहॅम नावाचा जवान होता. कामावर असताना त्याला पुन्हा पुन्हा असे म्हातारे लोक सापडत, जे आपल्या खोलीत एकटे मरून पडलेले होते आणि कोणाला पत्ता नव्हता. १९७७ साली त्याने शहरभर पोस्टर लावून लोकांना हे सांगायला सुरुवात केली. त्याने 'अलोन', म्हणजे 'एकटा', या नावाची संस्था काढली. बर्मिंगहॅम १९९० साली वारला, पण ती संस्था आजही वृद्धांच्या घरी भेटीला माणसे पाठवते.

दुसरा उपाय पुरुषांसाठी आहे. नोकरी संपली की पुरुष माणूस घरात गप्प बसतो. बायका निदान शेजारी जाऊन बोलतात. ऑस्ट्रेलियात यासाठी 'मेन्स शेड' निघाल्या आणि २००९च्या सुमारास ती कल्पना आयर्लंडमध्ये पोहोचली. आज तेथे चारशेहून अधिक शेड आहेत. शेड म्हणजे अवजारांची खोली. तेथे निवृत्त माणसे येऊन खुर्ची दुरुस्त करतात, पक्ष्यांची घरटी बनवतात, चहा पितात. तुमचे दुःख सांगा असे कोणी म्हणत नाही. शेजारी शेजारी उभे राहून लाकूड तासता तासता जे बाहेर पडायचे ते आपोआप पडते. समोरासमोर बसवले तर हीच माणसे तोंड उघडणार नाहीत. म्हणजे हातात रवी असो, वही असो की रंधा असो, मधे काहीतरी काम लागते.

आता आपल्याकडे पाहू. आपले पूर्वज १८३४ नंतरच्या काळात या बेटावर आले, उसाच्या मळ्यांच्या कॅम्पमध्ये राहिले. कॅम्पच्या घरांत जागा नव्हती, पण दारे उघडी होती. संध्याकाळी बैठकात मुले अक्षरे शिकत, मोठी माणसे भजने म्हणत, गणपतीच्या दिवसांत झाकरी चाले. १९६० साली कारोल तुफानात घरांची छपरे उडाली, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनीच एकमेकांना हात देऊन ती पुन्हा उभी केली, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यानंतर सिमेंटची घरे आली. हे चांगलेच झाले. टिनाच्या घरातल्या रात्री ज्यांनी काढल्या ते कोणी तक्रार करणार नाहीत. पण सिमेंटच्या घराबरोबर उंच भिंत आली, फाटक आले, फाटकावर कुत्र्याची पाटी आली. कास्कावेल असो, वाक्वा असो की अंरिएत, मुले आता मोठी होऊन फ्रान्सला, कॅनडाला, आणि होय, आयर्लंडलाही जातात. आजी वऱ्हांड्यात बसलेली असते. तिची मराठी तिच्या तोंडातच राहते, कारण नातवाला क्रेओल येते आणि फोनमधले इंग्रजी येते.

गेल्या वर्षी मी माझ्या ग्रेड पाचच्या मराठीच्या मुलांना एकच प्रश्न घरी विचारायला दिला: गॅस येण्याआधी घरात मसाला कसा वाटत होते आणि स्वयंपाक कशावर होत होता? बारा मुले होती. तीन जण काहीच न आणता आले, हे खरे. पण एका मुलीने वहीत 'पाटा' आणि 'वरवंटा' हे शब्द लिहून आणले. तिला तोवर फक्त 'रॉशकारी' माहीत होते. तिच्या आजीने न्हाणीमागे पडलेला पाटा धुऊन तिला दाखवला आणि तो पाटा आजीच्या सासूचा होता, हेही सांगितले. पुढच्या आठवड्यात त्या मुलीची आई शाळेत भेटली. म्हणाली, "मास्तर, सासूबाई आता रोज हिची शाळा सुटायची वाट बघतात. आज काय विचारलंय, म्हणतात." दुसऱ्या एका मुलाचा आजा बोलायला मुळीच तयार नव्हता. मुलाने वहीत तेवढेच लिहिले होते: 'आजा म्हणाला, ते दिवस आठवायचे नाहीत.' मी ते वाक्य खोडू दिले नाही. तेही एक उत्तरच आहे.

महाराष्ट्रातही अशी माणसे होऊन गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण भारताचे नागरिक झालेले गी प्वातवां यांनी खेड्याखेड्यांत जाऊन बायकांना जात्यावरच्या ओव्या विचारल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. विचारले नसते तर त्या जात्याबरोबर गेल्या असत्या. आपल्या बेटावरच भोजपुरी बहिणींनी आपली गीत-गवाई जपली आणि २०१६ साली ती युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या झाकरीची गाणी किती घरांत वहीत उतरवलेली आहेत? हा प्रश्न मी कोणाला टोचण्यासाठी विचारत नाही. पण ती गाणी ज्यांना पुरती येतात, त्यांचे वय आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे.

विचारण्याची एक रीत असते, ती आयर्लंडच्या त्या पुस्तिकेवरून शिकण्यासारखी आहे. 'आजी, जुन्या काळचे सांग' असे म्हटले तर आजी म्हणेल, काय सांगू बाबा, फार कष्ट होते. आणि बोलणे तेथेच संपेल. वस्तूविषयी विचारावे. एका वेळी एकच विचारावे. सांगताना चूक काढू नये, मराठीत क्रेओल मिसळली तर मिसळू द्यावी. तिने वापरलेला शब्द तसाच लिहावा, पुस्तकातल्यासारखा करू नये. शक्य तर हातात काही काम घेऊन बसावे: शेंगा सोलाव्यात, डाळ निवडावी. फोनवर आवाज भरून घेता येतो, तो जरूर घ्यावा, पण वही सोडू नये. वही दिसली की सांगणाऱ्याला कळते की आपले बोलणे कोणी ठेवून घेत आहे.

ज्यांच्या घरी आजा-आजी नाहीत, त्यांनी शेजारी जावे. मग शेजारी मराठी असो, भोजपुरी, तामिळ, मुसलमान की क्रेओल. आयर्लंडच्या मुलांनीही फक्त आपल्या घरात विचारले नव्हते.

या रविवारसाठी काही प्रश्न देतो. लहानपणी तुम्ही कशाने खेळत होता, आणि ते खेळणे कोणी बनवले? तुफानाच्या रात्री कोणाच्या घरी आसरा घेतला? तुमच्या लग्नात हळदीला कोणती गाणी म्हटली आणि ती कोणी म्हटली? ताप आला की आई कोणता पाला उकळत होती? उधारीची वही ठेवणारा दुकानदार कोण होता? शेवटचा प्रश्न हसत विचारावा, उत्तर लांब येते.

ज्यांची वही भरेल, त्यांनी त्यातले एखादे पान या मराठी पानाकडे पाठवावे. वर सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव लिहावे, त्याखाली लिहून घेणाऱ्याचे नाव आणि तारीख. नाव छापण्याआधी सांगणाऱ्याला तेवढे विचारून घ्यावे.